भावाला स्क्लेरोडर्मा झाला, तो दगड कापायचं काम करायचा, मग हे कामामुळेच झालं का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. एका ताईंनी विचारलंय की त्यांचा भाऊ वय ३८, चौदा वर्षं किचनच्या ओट्यांसाठी क्वार्ट्झचे स्लॅब कापतो, घासतो, पॉलिश करतो. वर्षभरापासून थंडीत त्याची बोटं पांढरी मग निळी पडतात, हातांची कातडी ताठ झालीय, आता जिना चढताना धाप लागते. डॉक्टरांनी स्क्लेरोडर्मा सांगितलाय, म्हणजे इम्यून सिस्टिम आपल्याच शरीरावर उलटून कातडी आणि फुप्फुसासारखे आतले अवयव कडक होत जाण्याचा आजार. त्यांचे तीन प्रश्न आहेत, हे कामामुळे झालं का, काम सोडलं तर बरं होईल का, आणि त्या स्वतः प्रिंटिंग प्रेसमध्ये दिवसभर सॉल्व्हंट (थिनरसारखी रंग-शाई विरघळवणारी रसायनं) हाताळतात तर त्यांनाही होईल का.

मी संधिवाताचा डॉक्टर आहे आणि बरीच वर्षं कामधंद्यामुळे होणाऱ्या आजारांचे पेशंट बघतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: हो, कामाचा यात हात असण्याची शक्यता खूप जास्त आहे, आणि तुमच्या भावाच्या केसमध्ये मी तरी हे तसंच धरून चालेन. १०० टक्के सिद्ध करता येईल का? नाही. एका माणसात हा आजार नक्की कशामुळे सुरू झाला हे दाखवणारी कुठलीही रक्ततपासणी नाही, बायोप्सी नाही. पण पुरावा हातात यायची वाट बघत त्याने त्या धुळीत एक दिवसही जास्त काढायची गरज नाही, हे मला सगळ्यात आधी सांगायचंय.

आता असं का म्हणतो ते बघा. ओट्यांसाठी जो कृत्रिम क्वार्ट्झ वापरतात तो म्हणजे दगडाचा चुरा आणि रेझिन यांचा दाबून केलेला स्लॅब, त्यात स्फटिकी सिलिका, म्हणजे दगड-वाळूतलं खनिज, ९० टक्क्यांच्या वर असू शकते. ग्रॅनाइटमध्ये साधारण ३० टक्क्यांच्या आसपास, संगमरवरात तर अगदीच कमी. म्हणजे तोच ग्राइंडर, तेच ब्लेड, तितकेच तास, पण छातीत जाणारी सिलिका कितीतरी पट. वर त्यात रेझिनची वाफ, रंग, थोडेफार धातू. ऑस्ट्रेलियात या स्लॅबवर काम करणाऱ्या तरुण पोरांमध्ये सिलिकोसिसच्या (सिलिकाच्या धुळीने फुप्फुस कायमचं खराब होण्याच्या) इतक्या केसेस निघाल्या की त्यांनी १ जुलै २०२४ पासून हा मालच बंद करून टाकला, वापरायचा नाही, पुरवायचा नाही, बनवायचा नाही. इस्रायलमध्येही याच कामातल्या सिलिकोसिसच्या पेशंटमध्ये ऑटोइम्यून आजार (इम्यून सिस्टिम स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचे आजार) सापडल्याचं डॉक्टरांनी नोंदवलंय.

लोकांना सिलिका म्हटलं की फक्त सिलिकोसिस माहीत असतं, फार तर टीबी आणि फुप्फुसाचा कॅन्सर. सिलिकाचा आणि कनेक्टिव्ह टिश्यूच्या आजारांचा (स्क्लेरोडर्मा, लुपस, रूमेटॉइड संधिवात असे ऑटोइम्यून आजार) संबंध पेशंटला सोडाच, बऱ्याच डॉक्टरांच्याही पटकन डोक्यात येत नाही आणि मला याचंच जास्त वाईट वाटतं, कारण ही गोष्ट नवी नाहीये. १९१४ साली एडिंबरामध्ये बायरम ब्रॅमवेल नावाच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं की त्यांच्याकडच्या स्क्लेरोडर्माच्या पेशंटमध्ये दगड घडवणारे गवंडी जास्त दिसतायत. मग १९५७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणीतल्या कामगारांवर डॉ. इरॅस्मस यांनी लिहिलं, म्हणून सिलिका एक्स्पोजर अधिक स्क्लेरोडर्मा याला आजही इरॅस्मस सिंड्रोम म्हणतात. त्याच सुमारास, १९५३ मध्ये, वेल्सच्या कोळसा खाणकामगारांमध्ये रूमेटॉइड संधिवात आणि फुप्फुसात गोल गोल गाठी असं एकत्र दिसतं हे कॅप्लन यांनी दाखवलं. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ हे माहीत आहे आणि तरी आज ओपीडीत 'काय काम करता' हा प्रश्न फॉर्मवरच्या एका रकान्यात 'नोकरी' किंवा 'मजूर' असं लिहून संपतो.

जुन्या निरीक्षणांवर कोणी म्हणेल की डॉक्टरांना चार केसेस दिसल्या म्हणून काय झालं, तर तेही बरोबर आहे, म्हणून मोठे अभ्यास बघावे लागतात. वेगवेगळे अभ्यास एकत्र करून जे हिशोब झालेत त्यात सिलिकामुळे स्क्लेरोडर्माचा धोका साधारण तिप्पट येतो, काही अभ्यासात कमी, काहींमध्ये बराच जास्त. डेन्मार्कमध्ये सुमारे ३० लाख कामगारांची नोंद वापरून १९७९ ते २०१५ असा मोठा अभ्यास झाला आणि त्यात सिलिकाच्या कामात असलेल्यांमध्ये स्क्लेरोडर्मा, रूमेटॉइड, लुपस (कातडी, सांधे, किडनी असं कुठेही धरणारा ऑटोइम्यून आजार), रक्तवाहिन्यांचा दाह हे जास्त दिसले, आणि मुख्य म्हणजे जितकी धूळ जास्त तितका धोका जास्त असं दिसलं. हे शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं कारण डोससोबत धोका वाढतो तेव्हा हा योगायोग आहे असं म्हणणं अवघड होतं. स्वीडनमधल्या अभ्यासात तर असं दिसलं की सिलिका आणि सिगारेट एकत्र आली की अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह (रक्तात त्या नावाची अँटिबॉडी सापडणाऱ्या) रूमेटॉइडचा धोका दोन्हींच्या बेरजेपेक्षाही जास्त वाढतो. भाऊ सिगारेट ओढत असेल तर ती आजच्या आज बंद, यात चर्चा नको.

आता शरीरात नक्की काय होतं ते सांगतो, कारण हे कळलं की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही आपोआप कळतं. धुळीचे मोठे कण नाकात, घशात अडकतात. खरी भीती अगदी बारीक कणांची, साधारण ४ मायक्रॉनच्या आतले, जे डोळ्याला दिसतही नाहीत आणि हवेत तासन् तास तरंगत राहतात, म्हणजे काम थांबवून लोक त्याच शेडमध्ये डबा खात बसतात तेव्हाही ते श्वासातून आत जातच असतात. हे कण फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात, तिथे सफाईचं काम करणाऱ्या पेशी असतात, मॅक्रोफेज म्हणतात त्यांना, त्या हे कण गिळतात. जंतू असता तर पचवला असता, पण सिलिकाचा स्फटिक पचत नाही, तो पेशीच्या आतली पिशवीच फोडतो. मग आत एक धोक्याची यंत्रणा चालू होते, इन्फ्लमसोम, त्यातून इंटरल्यूकिन-१ बीटा सारखी सूज आणणारी रसायनं बाहेर पडतात, पेशी मरते, कण पुन्हा मोकळा, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. हे थांबत नाही. मेलेल्या पेशींच्या पोटातला माल, डीएनए, न्यूक्लियसमधली प्रोटीन्स, हे सगळं सतत बाहेर सांडत राहतं आणि इम्यून सिस्टिमसमोर येत राहतं. बहुतेकांमध्ये इम्यून सिस्टिम याकडे दुर्लक्ष करते, पण काहींमध्ये, ज्यांची जीन्स तशी असतात त्यांच्यात, ती आपल्याच प्रोटीनविरुद्ध अँटिबॉडी बनवायला लागते. दुसरीकडे टीजीएफ-बीटा सारखे सिग्नल फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशींना कोलॅजन (टिश्यूला घट्टपणा देणारं प्रोटीन) बनवत राहायला सांगतात आणि टिश्यू कडक होत जातो, फुप्फुसात आणि कातडीतही.

हे व्हायला वर्षं लागतात. दहा, वीस, कधी तीस. काही लोक काम सोडून बरीच वर्षं झाल्यावर आजारी पडतात आणि मग डॉक्टरांना सध्याचं काम सांगतात, वॉचमन किंवा ड्रायव्हर, आणि जुन्या खाणीचा किंवा सँडब्लास्टिंगचा विषयच निघत नाही. म्हणून सध्याचं काम विचारून भागत नाही, पहिल्या नोकरीपासून विचारावं लागतं.

आणि अजून एक, सिलिकोसिस नसला तरी स्क्लेरोडर्मा होऊ शकतो. एक्स-रे साफ आहे म्हणून धुळीचा संबंध नाही असं कोणी म्हणालं तर ते मानू नका.

पुरुषांबद्दल मुद्दाम सांगतो. हे आजार मुळात बायकांमध्ये खूप जास्त, लुपसमध्ये तर दहातल्या नऊ पेशंट बायका, स्क्लेरोडर्मातही चार-पाच बायकांमागे एक पुरुष असं प्रमाण. त्यामुळे एखादा पुरुष, त्यातून दगड, फाउंड्री, सँडब्लास्टिंग, बोगदा, खाण, सिरॅमिक, बांधकाम तोडफोड असल्या कामातला, स्क्लेरोडर्मा किंवा लुपस घेऊन येतो तेव्हा मी कामाची हिस्टरी तपासणीच्या आधी घेतो. सिलिकावाल्यांमध्ये आजाराचा पसरणारा प्रकार, एससीएल-७० नावाची रक्तातली अँटिबॉडी आणि फुप्फुसाचा त्रास जास्त आढळतो असंही बऱ्याच ठिकाणी दिसलंय, आणि तुमच्या भावाला वर्षभरात धाप लागायला लागलीय हे त्यात बसतं. बायकांच्याही छातीत सिलिका जाते हो, तिथे तर कामाबद्दल विचारायचं आणखीच राहून जातं कारण सगळ्यांना वाटतं की बायकांना होतोच हा आजार.

बोटं पांढरी पडण्याबद्दल थोडं. याला रेनॉड म्हणतात आणि दगडाच्या कामात याची दोन वेगळी कारणं असू शकतात, एक स्क्लेरोडर्मा आणि दुसरं ग्राइंडर-ड्रिलची थरथर. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये अमेरिकेत इंडियाना राज्यात चुनखडी फोडणाऱ्या कामगारांमध्ये हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्यांमुळे बोटं पांढरी पडतात हे दाखवलं होतं. थरथरीच्या रेनॉडमध्ये सहसा ज्या हाताने, ज्या बोटांनी मशीन धरतो तीच जास्त पांढरी पडतात, मुंग्या येतात, कातडी ताठ होत नाही, एएनए (ऑटोइम्यून आजाराची रक्ततपासणी) निगेटिव्ह असतो आणि नखाच्या मुळाशी कॅपिलरोस्कोपीने, म्हणजे भिंगातून, बघितलं तर रक्तवाहिन्यांत स्क्लेरोडर्माचे बदल नसतात. स्क्लेरोडर्मात दोन्ही हात, बोटं सुजलेली मग ताठ, नखाशी रक्तवाहिन्या फुगलेल्या, काही ठिकाणी गायबच झालेल्या. तुमच्या भावाची कातडी ताठ झालीय म्हणजे नुसती थरथर नव्हे. पण दोन्ही एकत्र असू शकतात, म्हणून थरथरणारी सगळी मशीन हातातून गेली पाहिजेत, त्याचं निदान काहीही असो.

आता दुसरा प्रश्न, काम सोडलं तर बरं होईल का. आत गेलेली सिलिका बाहेर येत नाही, ती फुप्फुसात आणि छातीतल्या गाठींमध्ये राहते, त्यामुळे नुसतं काम सोडून आजार उलटा फिरत नाही. काहींमध्ये तर सोडल्यावरही फुप्फुस बिघडत जातं. तरी सोडायचं कारण असं की रोज नवीन भर पडणं थांबतं, आणि जे औषध आपण देतोय ते एका मर्यादित भाराशी लढतं, रोज वाढणाऱ्या भाराशी नाही. सोडायचं म्हणजे पूर्ण सोडायचं. त्याच शेडमध्ये बिलिंगला बसणं म्हणजे सोडणं नाही. वेल्डिंग, सँडब्लास्टिंग, सिमेंट कटिंग, पेंट स्प्रेइंग हे दुसरे पर्यायही नकोत. चौदा वर्षं एकच हुन्नर शिकलेल्या माणसाला असं सांगणं किती अवघड आहे हे मला माहितीये, घर त्यावर चालतं, आणि म्हणूनच त्याच्या मालकाशी, युनियनशी, कामगार विमा असेल तर तिथे लवकर बोला.

औषधोपचारात तुम्ही डॉक्टरांना काही गोष्टी आवर्जून विचारा. फुप्फुसासाठी एचआरसीटी (बारकाईने काढलेला छातीचा सीटी स्कॅन) आणि पीएफटी (फुप्फुस किती काम करतं याची तपासणी) झाली का, आणि पीएफटीमध्ये डीएलसीओ (फुप्फुसातून वायू रक्तात किती जातो याचं माप) काढला का, नुसती फुंकर मारायची स्पायरोमेट्री पुरत नाही. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला का, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीतलं प्रेशर बघायला. एचआरसीटी वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टला त्याचं काम काय होतं ते चिठ्ठीवर लिहून द्या, कारण सिलिकोसिसच्या गाठी सहसा फुप्फुसाच्या वरच्या भागात आणि स्क्लेरोडर्माचा फायब्रोसिस (टिश्यू कडक होणं) खालच्या भागात असतो, दोन्ही एकत्र असले आणि वाचणाऱ्याला धुळीचं माहीत नसलं तर अर्धं चित्र सुटतं.

टीबीचं मात्र अजिबात विसरू नका. सिलिका फुप्फुसात असली की टीबीचा धोका बराच वाढतो, सिलिकोसिस नसला तरीही. आणि आपण देणार काय तर इम्युनिटी दाबणारी औषधं, मायकोफेनोलेट, कधी रिटक्सिमॅब, कधी स्टेरॉइड. म्हणून औषध सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी, सुप्त टीबीसकट, व्हायलाच हवी आणि नंतरही ताप, वजन उतरणं, खोकल्यातून रक्त यावर लक्ष. एचआरसीटीवरच्या गाठी बघून उलटही होतं, टीबी नसताना महिनोन् महिने टीबीची औषधं चालतात. दोन्ही चुका टाळायचा मार्ग एकच, थुंकी नीट तपासणं आणि कामाचा इतिहास समोर ठेवणं.

स्टेरॉइडबद्दल एक सावधगिरी, स्क्लेरोडर्मात, खासकरून पसरणाऱ्या प्रकारात, दिवसाला १५ मिलिग्रॅमच्या वर प्रेडनिसोलोन गेलं तर किडनीवर अचानक संकट यायचा धोका वाढतो. त्यामुळे घरी बीपी मोजायचं मशीन ठेवा आणि बीपी एकदम वाढलं, डोकं ठणकायला लागलं, दिसायला धूसर झालं तर थांबू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल. फुप्फुसाचा फायब्रोसिस वाढत असेल तर निंटेडॅनिब नावाचं औषध आहे, ते घसरण कमी करतं, झालेलं नुकसान भरून काढत नाही. रेनॉडसाठी निफेडिपिनसारखी औषधं, हात आणि अख्खं अंग उबदार ठेवणं, आणि सर्दीच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्या रक्तवाहिन्या आवळतात. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी घेऊन टाका.

कामाचा इतिहास कसा लिहायचा ते सांगतो, कारण हे तुम्ही घरी बसून करू शकता आणि डॉक्टरकडे दहा मिनिटांत होत नाही. पहिल्या कामापासून सुरू करा, शिकाऊ म्हणून केलेलं, बिनपगारी केलेलं सगळं धरून. कुठला माल, कोरडा कापायचे की पाणी सोडून, शेड बंद होती की उघडी, दिवसाचे किती तास कटिंग आणि किती पॉलिश, झाडलोट कशी करायचे, कॉम्प्रेसरची हवा मारून कपडे झटकायचे का, मास्क कुठला. मालाचं सेफ्टी डेटा शीट (त्यात काय आहे आणि धोका काय हे सांगणारा कंपनीचा कागद) मिळालं तर फारच छान, त्यात सिलिकाचा टक्का लिहिलेला असतो. जुने फोटो असतील तर तेही ठेवा, पांढऱ्या धुळीने माखलेल्या माणसाचा एक फोटो कधी कधी पानभर वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

हे लिहून काढलं की डॉक्टरांना विनंती करा की निदानाच्या कागदावर 'सिलिका एक्स्पोजरशी संबंधित' असं स्पष्ट लिहा. दक्षिण आफ्रिकेत खाणकामगारांना आणि फ्रान्समध्ये सिलिकाच्या कामगारांना स्क्लेरोडर्मा हा व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य आहे. सगळीकडे तसं नाही, नियम वेगळे, अर्जाच्या मुदतीही वेगळ्या, पण कागदावर संबंध लिहिलेला नसेल तर पुढे भांडायला हातात काहीच राहत नाही. मुदतीचं लगेच चौकशी करून घ्या, आजार लागला त्या दिवसापासून मोजतात की निदान झाल्यापासून हेही विचारा.

आता ताई, तुमच्याबद्दल.

सॉल्व्हंट आणि स्क्लेरोडर्मा यांचा संबंधही बऱ्याच अभ्यासांत दिसलाय, एकत्र हिशोबात धोका साधारण दुप्पट येतो. टोल्युइन, झायलिन, ट्रायक्लोरोएथिलिन म्हणजे धातूवरचं ग्रीस काढायचं, व्हाइट स्पिरिट, किटोन, ही नावं पुन्हा पुन्हा येतात. पण इथे पुरावा सिलिकाइतका पक्का नाही, कारण सॉल्व्हंट हे कधी एकटं नसतं, दहा गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात आणि दहा वर्षांपूर्वी कोणी नक्की काय वापरलं हे आठवणीवर अवलंबून राहतं. व्हिनाइल क्लोराइडचं, म्हणजे ज्या वायूपासून पीव्हीसी प्लास्टिक बनतं त्याचं, उदाहरण मात्र अगदी स्वच्छ आहे. १९६० च्या दशकात पीव्हीसी बनवणाऱ्या कारखान्यांत रिॲक्टरच्या टाकीत उतरून आतून खरवडून साफ करणारे जे कामगार होते त्यांच्यात रेनॉड, हातांची कातडी जाड होणं आणि बोटांच्या टोकाची हाडं झिजणं असा प्रकार दिसला, मग १९७४ मध्ये त्याच वायूमुळे यकृताचा एक दुर्मीळ कॅन्सर होतो हे बाहेर आलं, मर्यादा खूप खाली आणल्या आणि नवीन केसेस जवळजवळ थांबल्या. तयार पीव्हीसी पाइप हाताळण्याने हे होत नाही, तो त्रास कच्च्या वायूचा होता. मी हे नेहमी सांगतो कारण एक्स्पोजर कमी केलं की आजार कमी होतो याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

दुप्पट-तिप्पट ऐकून घाबरायला होतं, म्हणून आकडा नीट बघा. स्क्लेरोडर्मा मुळात दुर्मीळ, समजा लाखात २५ लोकांना. दुप्पट म्हणजे लाखात ५०. म्हणजे सॉल्व्हंट हाताळणाऱ्या एक लाखातल्या ९९ हजारांहून कितीतरी जास्त लोकांना हा आजार होणार नाही. तुमच्या बाबतीत सख्खा भाऊ हा आणखी एक मुद्दा आहे, जवळच्या नात्यात धोका वाढतो. २००१ मध्ये अमेरिकेतल्या कुटुंबांचा एक अभ्यास आला त्यात एखाद्याला स्क्लेरोडर्मा असलेल्या घरांपैकी १.६ टक्के घरांत जवळच्या नात्यातला दुसरा पेशंट होता, सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण ०.०२६ टक्के. म्हणजे पटीत खूप वाढलं, पण तरी १०० पैकी ९८ घरांत दुसरा पेशंट नव्हता.

त्रास काहीच नसताना एएनए करून घेऊ नका. निरोगी माणसांतही रक्त ८० पट पातळ करून (१:८०) साधारण १३ टक्के आणि १६० पट पातळ करून (१:१६०) ५ टक्के लोक पॉझिटिव्ह येतात, आणि मग वर्षभर झोप उडते, आठवड्याला एक डॉक्टर. बोटं रंग बदलायला लागली, सकाळी बोटं सुजलेली वाटली, अंगठी निघेनाशी झाली, नवीन छातीत जळजळ किंवा गिळायला अडकणं सुरू झालं तर मात्र या, तेव्हा टेस्टला अर्थ आहे.

त्याऐवजी तुमचा एक्स्पोजर कमी करा, ते तुमच्या हातात आहे. सॉल्व्हंट नाकातून जातं तसं कातडीतूनही जातं, म्हणून रंग काढायला हात थिनरने धुणं पूर्ण बंद. पातळ नायट्राइल ग्लोव्हजमधून टोल्युइन आणि किटोन थोड्याच वेळात आत येतात, ग्लोव्ह कोरडा दिसतो आणि आत हात भिजत असतो, त्यामुळे तुमच्या सॉल्व्हंटला चालणारा ग्लोव्ह कुठला ते डेटा शीटवर बघा. एन-९५ मास्क वाफ अडवत नाही, तो कणांसाठी आहे, वाफेला कार्बनचं कार्ट्रिज लागतं आणि तेही ठराविक वेळाने बदलावं लागतं. सॉल्व्हंटची चिंधी झाकणवाल्या डब्यात, कॅनला झाकण, आणि वास ओढून घेणारा पंखा तुमच्या तोंडापासून दूर ओढणारा हवा, तुमच्या मागून हवा आणून तुमच्या नाकाशी फिरवणारा नको. पाण्यावर किंवा वनस्पती तेलावर आधारित वॉश मिळत असेल तर मालकाला तो आणायला सांगा, कारण माल बदलणं हे कुठल्याही मास्कपेक्षा वरचढ.

जाता जाता, हेअर डायमुळे लुपस होतो का हेही बऱ्याच जणी विचारतात. अमेरिकेतल्या नर्सेसच्या मोठ्या अभ्यासात तसा संबंध सापडला नाही. सिलिकॉन ब्रेस्ट इम्प्लांटवर तर कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि १९९९ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सगळा पुरावा तपासून कनेक्टिव्ह टिश्यू आजारांशी संबंध दिसत नाही असं सांगितलं. सिलिकॉन आणि सिलिका या वेगळ्या गोष्टी आहेत, नावावरून गोंधळ करू नका.

शेवटचं, आणि हे तुमच्या प्रश्नात नव्हतं पण मला राहवत नाही. भावासोबत त्या शेडमध्ये अजून किती जण होते? त्यांनीही तीच धूळ घेतलीय. त्यांना स्क्लेरोडर्मा होईलच असं नाही, पण सिलिकोसिस त्यांच्यात असू शकतो आणि सुरुवातीला काहीही त्रास होत नाही, साध्या एक्स-रेमध्ये तो निसटतोही, म्हणून या कृत्रिम दगडाच्या कामगारांना कमी रेडिएशनचा सीटी आणि डीएलसीओसकट पीएफटी केलेली बरी. शेडमध्ये कोरडं कटिंग चालू असेल तर ते बंद करून ब्लेडवर पाणी, मशीनलाच जोडलेलं धूळ ओढणारं सक्शन, झाडूऐवजी फिल्टरवाला व्हॅक्यूम, कॉम्प्रेसरने कपडे झटकणं बंद, आणि वर चेहऱ्याला घट्ट बसणारा रेस्पिरेटर, दाढी असेल तर तो घट्ट बसत नाही. रुमाल बांधून काही होत नाही. कामाचे कपडे घरी आणून बाकीच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. अमेरिकेत सिलिकाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला एका घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम आहे, कोरड्या ग्राइंडरसमोर ती बघता बघता ओलांडली जाते. भावाला आता बोलायला दम लागत असेल तर तुम्ही फोन करा त्याच्या जुन्या साथीदारांना, त्याचं निदान काय झालंय ते सांगा आणि छातीची तपासणी या महिन्यातच करून घ्या म्हणा.